पोशेऱ्याची अकरा

वन्सं, तुमच्या दादांनी काय करून ठेवलं ते आधी सांगते. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला, आणि हे पोटात घेऊन मला एक सरळ शिवण घालता येत नाहीये. काल गुरवीणबाईंच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. मी! तीस वर्षं मशीन चालवणारी बाई! शेवटी मशीनवर कापड टाकलं, मापांची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून तुम्हाला लिहायला बसले. अधूनमधून उठेन, चालवून घ्या. हल्ली एका जागी बसवत नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी विक्रमगडच्या काकू आल्या. रडत आल्या आणि रडता रडताच पदर खोचून कामाला लागल्या. घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, हे मला का ठाऊक नाही? आई गेल्या तेव्हा मीच हंडे उपडे केले होते. तुम्ही तेव्हा दारात उभ्या राहून "वहिनी, पाण्याचा काय गुन्हा गं?" म्हणाला होतात. तर काकूंनी माठ ओतला, पिंप ओतलं, मोरीतल्या बादल्या ओतल्या, फ्रीजमधल्या बाटल्यासुद्धा काढून ओतल्या. मी तुमच्या उशाशी बसले होते, मला कशाचं भान नव्हतं. मग काकू पुढच्या खोलीत आल्या आणि माझ्या मागेच, तुमच्या झिंग्यांच्या मांडणीसमोर उभ्या राहिल्या. काचेच्या पाच टाक्या, पाचही काठोकाठ. म्हणाल्या, "हेही साठवलेलंच की रे."

दादांना तुम्ही ओळखता. मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. "काकू, तुम्ही बसा, मी ओततो," म्हणाले आणि तुमची जाळी घेऊन मांडणीपाशी उकिडवे बसले. लोक जमत होते, बांबू आणायला कोणी गेलं होतं, आणि तुमचे दादा तासभर एकेक झिंगा वेचून मागच्या पडवीत नेत होते. तिथे ती शेवाळं वाढवायची सहावी टाकी होती ना, काकूंच्या नजरेला न पडलेली, तिच्यात सोडत होते. लाल, निळे, पिवळे, तुमचे मातकट पेन्शनर आणि पोशेऱ्याच्या ओढ्यातली मंडळी, सगळे एका पाण्यात. नाकातोंडातून पाणी गळत होतं त्यांच्या, असं शेजारच्या मंगलने मला नंतर सांगितलं.

पुढच्या रिकाम्या टाक्यांबद्दल विचारायचंही मला तेरा दिवस सुचलं नाही, चौदाव्या दिवशी मी पडवीत गेले आणि ती टाकी बघितली. वन्सं, मी काय काय बोलले ते लिहीत नाही. दादा खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "सुमीचे झिंगे मोरीत जाऊ द्यायचे होते का?"  मी आत जाऊन कणीक मळत बसले, आणि ती कणीक इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या. दोघांनी त्याच खाल्ल्या.

माझा जीव कशासाठी वरखाली होत होता ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होतात, "वहिनी, बाकीच्यांचं काहीही कर. नाशिकच्या झिंगेवाल्याला देऊन टाक हवं तर. पण पोशेऱ्याची तेवढी पोशेऱ्याला ओढ्यात नेऊन सोड. आणि नीट बघून सोड. एकसुद्धा दुकानातला झिंगा त्यांच्याबरोबर गेला ना, तर तो ओढा त्यांचा राहायचा नाही." मी म्हटलं, "हो हो, सोडते, तुम्ही आधी दोन घोट पेज घ्या." तुम्ही म्हणालात, "आधी शब्द दे." मी दिला. मगच तुम्ही पेज घेतलीत, तीही दोन नाही, तीन घोट.

रंगीत झिंगे वेगळे करणं माझ्या हातचा मळ. जव्हारच्या बाजारात कोणत्या दुकानात कोणत्या लालचा दोरा मिळतो ते मी डोळे मिटून सांगेन, तिथे लाल आणि निळा झिंगा ओळखायला काय लागतं? तुम्ही हयात होतात तेव्हाही तेवढं काम माझ्याकडे असायचं. लाल टाकीत एखादा फिकट निघाला की मला हाक मारायचात, "वहिनी, जरा तुझे डोळे आण गं." लाल काय, निळे काय, पिवळे काय, सगळे एकाच जातीचे, नुसते रंगाने निवडत आणलेले. वेगळे ठेवले तर रंग टिकतो, एकत्र नांदवले की दोन-चार पिढ्यांत पोरं मातीच्या रंगाची होतात. पहिल्या वर्षी तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? हौसेने लाल-निळे एका टाकीत घातलेत आणि वर्षभरात सगळी टाकी मातकट. शाळेच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढलेली बाई, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही त्याच महिन्यात निवृत्त झाला होतात, म्हणून मी त्या मातकटांचं नाव पेन्शनर ठेवलं. तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत आणि मग स्वतःच तसं म्हणायला लागलात.

तर दोन दुपारींत लाल एकीकडे, निळे एकीकडे, पिवळे एकीकडे झाले. अंडी घेतलेल्या माद्यांनी त्या टाकीत काय घोळ घालून ठेवलाय तो पुढे कळेलच. राहिले ते एकतीस मातकट. त्यात पेन्शनर किती आणि पोशेऱ्याचे किती, देवाला ठाऊक. तुम्ही कधी आकडा सांगितला नाहीत आणि मी कधी विचारला नाही. मला तर ते दोन्ही सारखेच दिसायचे. तसं तोंडावर म्हणायचेही. "अहो, मातीचा रंग तो मातीचा रंग. ह्याला पेन्शनर म्हणायचं आणि ह्याला पाहुणे, हे तुमचं काहीतरीच." तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तू रंगाच्या पलीकडे बघायला शिक." आणि मी म्हणायचे, "मला बाह्या लावायच्यात."

थांबा, उठून आले. काही नाही, टाकीत डोकावले. सगळे दगडाखाली जाऊन बसलेत.

पोशेऱ्याची मंडळी आपल्या घरात आली तो दिवस आठवतो का? बाजाराचा दिवस होता. पोशेऱ्याची काशी पायरीवर रानभाजी घेऊन बसलेली आणि तिच्याकडे पळसाच्या पानात मूठभर झिंगे, ओढ्यातले, उड्या मारणारे. मी कालवणासाठी घेतले. घरी येऊन पान उघडलं आणि तुम्ही स्वयंपाकघरात किंचाळलात, "थांब, थांब, जिवंत आहेत!" मी कांदा परतत होते. तुम्ही चिमट्याने एकेक जिवंत उचलून वाटीत टाकत होतात आणि उरलेले मी तव्यावर टाकत होते. अर्धे तुमच्या टाकीत गेले, अर्धे दादांच्या ताटात. जेवताना तुमच्या घशाखाली घास उतरेना आणि दादा म्हणाले, "सुमे, ह्यात मीठ बरोबर पडलंय हो." किती हसलो होतो आपण तिघं.

त्यानंतर तुम्ही काशीबरोबर पोशेऱ्याला जायला लागलात. मोखाड्याच्या जीपमध्ये बसायचं, फाट्यावर उतरायचं, भाताच्या खाचरांच्या बांधावरून ओढ्यापर्यंत चालायचं. गुडघे दुखतात म्हणून घरात जिना चढायचा नाहीत, आणि तिथे दगडांवरून टुणटुण. ह्या झिंग्यांची पिलं घरात जगत नाहीत, हे तुम्ही पहिल्याच वर्षी ताडलंत. अंडी भरपूर, खसखशीएवढी. चार दिवस पाण्यात ठिपके तरंगायचे आणि पाचव्या दिवशी नाहीसे व्हायचे. पेन्शनरांची अंडी राजगिऱ्याएवढी, थोडीच, पण त्यातून निघालेलं पोर पहिल्या दिवसापासून झिंग्यासारखा झिंगा. "बघ वहिनी, अंड्यांवरून तरी पटतं ना?" तुम्ही भिंग माझ्या हातात कोंबायचात. मी बघितल्यासारखं करायचे. खरं सांगू का? मला काही दिसायचं नाही, आणि दिसत नाही असं सांगायची लाज वाटायची.

आणि तुमचं ते सोवळं! देवघरात तुम्ही कधी सोवळं पाळलं नाहीत, चपला घालून फुलं काढायचात, आई डोक्याला हात लावायच्या. पण पोशेऱ्याच्या टाकीचं कडक सोवळं. तिची जाळी वेगळी, तिचा ग्लास वेगळा, तिची नळी वेगळी, सगळ्याला हिरवा दोरा बांधलेला, माझ्याच डब्यातला. एकदा मी चुकून लाल टाकीची जाळी तिच्यात बुडवायला निघाले तर माझ्या हातावर चापट मारलीत. पन्नाशीच्या बाईला चापट! मी रागाने बोलले, "भटजी बरे ह्यांच्यापेक्षा." तुम्ही म्हणालात, "ह्यांना परत घरी जायचंय, वहिनी. ह्यांना आपलं काही लागता कामा नये. आपल्या टाकीतला रोग, किडा, शेवाळ, काहीही." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं, वन्सं. ते सोवळं दादांच्या हातून पहिल्याच सकाळी मोडलं, हेही कळत होतं. कळूनही मी ते बाजूला सारलं. का, ते पुढे सांगते.

एकतीस बाटल्या जमवल्या. लोणच्याच्या, जॅमच्या, मधाच्या, शेजारून मागून आणलेल्या. सोड्याने घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या. कापायच्या टेबलावर ओळीने मांडल्या, प्रत्येकीत एक झिंगा आणि वाळलेल्या बदामाच्या पानाचा तुकडा, तुम्ही घालायचात तसा. ज्यांच्या पोटाखाली अंडी होती त्या सहा माद्या पहिल्या दिवशी निकालात निघाल्या. चार राजगिरा, दोन खसखस. ह्या वेळी भिंग नीट धरलं आणि मला दिसलं हो! एवढं ढळढळीत दिसत होतं. माझ्या डोळ्यांना काय झालं होतं इतकी वर्षं?

पण पंचवीस उरले, बिनअंड्यांचे. त्यांचं काय करायचं? नाक बघायचं, हे तुम्ही सांगितलेलं. पण तो प्राणी एक क्षण स्वस्थ बसेल तर शपथ. मी भिंग घेऊन वाकले की तो पानामागे. पाण्यात ते मातकट अंग, त्यावरचे ठिपके, पट्टे, माझी नजर रंगातच अडकायची. टेबलाभोवती फेऱ्या मारून मारून दादांना चक्कर आली. गिऱ्हाइकं दारात येऊन बाटल्या बघायची आणि विचारायची, "शोभाताई, लोणच्यांचा धंदा काढला का?" वर लग्नसराईचे ब्लाउज पडलेले. एकीला मी फटकन म्हटलं, "शिवून हवं तर बसा, हसायचं तर जा." ती गेली. कापड घेऊन गेली.

आणि घाई का, तर काशी. भात झोडून झालं होतं, ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर कामाला जायला निघणार होती, आता गेली की पावसाच्या तोंडावर परत यायची. तुमची जागा तिच्याशिवाय कोणाला ठाऊक? तिने बाजारात निरोप दिला होता, "बाय, लवकर ये, मंग मी नसेन."

नवव्या दिवशी तीन नंबरच्या बाटलीत तळाशी एक साल पडलेली दिसली. झिंग्याने कात टाकली होती. पातळ, काचेसारखी, मिशांपासून शेपटीपर्यंत अख्खी. मी ती चमच्याने काढून काळ्या अस्तराच्या तुकड्यावर ठेवली आणि मशीनच्या दिव्याखाली धरली.  वन्सं, हे मी आधी बघितलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही अशीच एक कात माझ्या मशीनवर, अशाच काळ्या कापडावर आणून ठेवली होतीत. "वहिनी, हे बघ, ह्याला रंगच नाही," म्हणाला होतात. मी मान वर केली नव्हती. घाईत होते. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात आणि मी दोऱ्याच्या गुंत्याबरोबर ती झाडून टाकली. परत आल्यावर तुम्ही कापडाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि निघून गेलात.

रंग नसला की काय उरतं? कट! नुसता कट. नाकाची सुई डोळ्याच्या पार पुढे गेलेली, वरून चेनसारखे बारीक दाते, पाठीचा उतार सरळ, म्हणजे हा पोशेऱ्याचा. दुसऱ्या दिवशी अकरा नंबरने टाकली. तिचं नाक आखूड, पाठीला पोक. दोन वेगळ्या बेतांचे ब्लाउज समोर ठेवावेत इतका फरक. अहो, रंग वेगळा असला म्हणून मी कधी बेत चुकले आहे का? तुम्ही इतकी वर्षं "रंगाच्या पलीकडे बघ, पलीकडे बघ" करत राहिलात. एकदा "कट बघ" म्हणाला असतात तर मला उभ्या उभ्या कळलं असतं. पण तुम्हाला माझी भाषा येत नव्हती आणि मला तुमची शिकायची नव्हती. एका घरात तीस वर्षं राहून ही गत. आता कोणाला बोल लावू?

मग मी रोज सकाळी चहाच्याही आधी बाटल्या बघायला लागले. नवं पाणी मिळालं की ते लवकर कात टाकतात हे तुमचंच ज्ञान, तेही वापरलं. एकेक साल अस्तरावर चिकटवली आणि खाली खडूने नंबर लिहिला. दोघं मेले. एकाची कात शेपटीपाशी अडकली आणि दुसरा का मेला ते कळलं नाही. काशी निघायच्या आदल्या दिवशी शेवटच्या बाटलीतल्याने टाकली. हिशेब लागला. पोशेऱ्याची अकरा. मी दादांना हाक मारली, ते पेपर टाकून आले आणि आम्ही दोघं त्या अकरा बाटल्यांसमोर उभे राहिलो. दादा म्हणाले, "सुमी असती तर तुला शंभरपैकी शंभर दिले असते." मी म्हटलं, "तुम्हाला भोपळा दिला असता." चौदाव्या दिवसानंतर तेव्हा पहिल्यांदा हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने गेले. अकरा जणांना एका मोठ्या बरणीत घातलं, बरणी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मांडीवर धरली. फाट्यावर काशी उभी होती. तिचं बोचकं बांधून तयार होतं, दुपारी भट्टीचा टेम्पो येणार होता. चालताना ती पुढे, मी मागे, आणि मी सारखी बडबडत होते. काकू, पाणी, दादा, बाटल्या, कात, सगळं सांगितलं. ती नुसती "हां, हां" करत होती.

जागा छान आहे हो. इतकी वर्षं बोलावत होतात, एकदाही आले नाही. उंबराची मुळं पाण्यात उतरलीयेत आणि खाली गार सावली. मी दगडावर बसले, बरणी ठेवली, झाकण फिरवायला लागले, तर काशीने झाकणावर हात ठेवला.

"बाय, तू काय म्हनालीस मगा? सगली एकाच टाकीत व्हती?"

"होती. पण मी वेगळी केली ना! सगळी तपासून आणलीत. ह्यात एकसुद्धा बाहेरचा नाही."

"त्यांच्या पान्यात भिजली ना पन?" ती म्हणाली. "तुझी ननंद मला हात धुवाया लावायची. वढ्यात हात घालाया आधी हात धू! मी हसायची तिला. म्हनायची, काशी, माज्या घरचं पानी हितं थेंबभर नको. आन् आता तू ही बरनी वतनार?"

मी ओरडले तिच्यावर. खोटं कशाला बोलू. "तू मला शिकवू नकोस. मी शब्द दिलाय. एकवीस दिवस मी झोपले नाहीये धड. माझी नणंद होती ती, तुझी नव्हती." माझा आवाज त्या खोऱ्यात घुमला. काशीने हात काढला नाही. रागावलीही नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, तुम्ही त्या मशीनपाशी बघितलं होतंत तशी.

मला ठाऊक होतं, वन्सं. जीपमध्ये बसताना ठाऊक होतं, बाटल्या घासताना ठाऊक होतं, चौदाव्या दिवशी ती टाकी बघितली तेव्हाच ठाऊक होतं. जात वेगळी करता येते, भिजलेलं पाणी नाही वेगळं करता येत. तुमचा शब्द पाळायचा तर तुमचाच नियम मोडायचा, आणि नियम पाळायचा तर शब्द मोडायचा. मी तो विचार मनात येऊ द्यायला तयार नव्हते, कारण हात चालू असेपर्यंत मला तुमचं काहीतरी करतेय असं वाटत होतं. मी त्या दगडावर बसून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नाही, तेराव्यालाही नाही. तिथे रडले, हुंदके देऊन, आणि काशी शेजारी बसून नाचणीची भाकरी खात होती. अर्धी मलाही दिली.

मग ती पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं कमी नाय गं. बघ." मुळांच्या जाळ्यात ते होते. दहा, वीस, पन्नास, मिशा हलवत. नाकं लांब. मला भिंगाशिवाय दिसली. "तुजी अकरा तुज्याकडं ऱ्हाऊं दे," काशी म्हणाली. "तुजी ननंद नाय का ऱ्हायली तुज्याकडं, जल्मभर? काय वाईट झालं तिचं?"

ह्याचं उत्तर मी तिला दिलं नाही. तिचा टेम्पो यायचा होता. ती बोचकं डोक्यावर घेऊन बांधावरून गेली आणि मी बरणी फडक्यात गुंडाळून फाट्यावर येऊन बसले. उत्तर तुम्हाला देते. ते भांडण, मागे एका गणपतीतलं. त्याच्यासाठीच मी सोवळं मोडल्याचं दिसत असून बाजूला सारलं. पाहुणे यायचे होते, मखराला जागा हवी होती. तुम्ही म्हणालात की पाणी असं एका दिवसात हलवता येत नाही, जीव मरतील. आणि मी म्हणाले, "तुमचं स्वतःचं घर असतं तर मांडायच्या होत्या हव्या तेवढ्या टाक्या." तुम्ही "बरं" म्हणालात. एवढंच. मग तुम्ही एकटीने, बादली बादली करून, सगळ्या टाक्या मागच्या पडवीत नेल्यात. चार दिवस लागले. मी आरास करत होते आणि तुम्ही माझ्यामागून बादल्या घेऊन जात होतात, पाणी सांडू नये म्हणून हळू. दिवाळी झाली तरी टाक्या पडवीतच. शेवटी मीच मांडणी ओढून पुढच्या खोलीत आणली आणि म्हणाले, "पडवीत मला कपडे वाळत घालायला जागा नाही." तुम्ही हसलात. तुम्हाला काय कळायचं ते कळलं असेल. पण मी तोंडाने बोलले नाही. बोलायला काय झालं होतं? आणि मग तुमची पाहुणी तेवढी धडपणे त्यांच्या घरी पोचवली की माझं ते वाक्य फिटेल, असं काहीतरी डोक्यात घेऊन बसले. वेडीच मी.

आज त्या अकरांना टाकीत सोडलं. तुमचा पलंग होता ना, खिडकीपाशी, जिथे दहा दिवस दिवा ठेवला होता, तिथे स्टूल ठेवून त्यावर टाकी मांडलीय. पुढच्या खोलीत, येणाऱ्याला आधी तीच दिसेल. जाळीला, ग्लासला, नळीला हिरवा दोरा नवीन बांधला. त्यांची पिलं जगायची नाहीत, ओढाही त्यांना आता दिसायचा नाही. दादांनी विचारलं, "किती दिवस ठेवायची ही?" मी म्हटलं, "ठेवायची कसली? राहतात ती इथे."  थोड्या वेळाने ते स्वतःच उठून टाकीवरून फडकं फिरवून आले.

शब्द मोडला, वन्सं. नियम पाळला. तुम्ही वर बसून मला किती गुण दिलेत ते मला कळणार नाही, आणि ही टोचणी जाणारही नाही. पण दुसरं एक राहिलंय ते लिहून टाकते, तुम्ही समोर पेज पीत बसल्या होतात तेव्हाच सांगायला हवं होतं, तुमचा हात माझ्या हातात होता तेव्हा. हे घर तुमचं होतं. माझ्याआधीपासून तुमचंच होतं. मी आत आले तेव्हा दारात तांदळाचं माप तुम्ही ठेवलं होतंत.